रोजच्या कामात माणुसकीची कोणती सवय लागली? अनुभव लिहा

२१ वर्षं मी एका धर्मादाय रुग्णालयात सिस्टर आहे. ड्यूटी बदलताना आम्ही ओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती, काउंटरवरच द्यायचो: ‘सात नंबर, सलाईन चालू, बीपी ठीक.’ दोन वर्षांपूर्वी ठरवलं की ओव्हर कॉटपाशी उभं राहून, पेशंटचं नाव घेऊन, त्याच्यासमोरच द्यायचा. पहिल्याच आठवड्यात सात नंबरच्या आजोबांनी हात वर केला. “बाई, या कानानं मला ऐकू येत नाही. तिकडून बोला.” चार दिवस आम्ही त्यांच्या उजव्या अंगाला उभ्या राहून बोलत होतो आणि कागदावर ‘प्रतिसाद कमी’ लिहीत होतो. आता दहा मिनिटं जास्त लागतात. ती वेळ आम्हाला कुणी दिली नाही, आम्हीच काढली.

तुमच्याकडे असं काही रुजलं असेल तर लिहा. रुजलं नसेल तरी लिहा. शिबिरात काय ऐकलं ते नको, सोमवारी सकाळी नेमकं काय केलं ते सांगा.

साडीचं दुकान, सोलापूर
आमच्याकडे गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, दहा तास उभं. संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या होतात. केरळात कापडदुकानांतल्या बायका यासाठी लढल्या आणि २०१८ मध्ये बसायचा हक्क कायद्यात आला. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तो दिला. ती बातमी मी शेठना मोबाईलवर वाचून दाखवली. वाचताना हात कापत होता. ते काहीच बोलले नाहीत. चार दिवसांनी दोन स्टुलं आली. आम्ही अकरा जणी. आळीपाळीनं बसतो, पण जिला मासिक पाळी आली असेल तिला आधी. हे आमचं आम्ही ठरवलं.

सोसायटी, पुणे
कचरा न्यायला येणाऱ्या ताई ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. यंदा त्यांना वार्षिक सभेत बोलायला बोलावलं. त्या एवढंच म्हणाल्या, “पॅड, डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. नाहीतर मला हातानं उघडून बघावं लागतं.” गुंडाळून द्यायचं हे २०१६ च्या घनकचरा नियमांतही होतं, आमच्यातल्या एकानंही ते वाचले नव्हते. आता बहुतेक घरांतून ठिपका येतो. सगळ्या घरांतून नाही.

माजी ग्रामपंचायत सदस्य, विदर्भ
ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असा नियम आहे. आमच्या गावात मात्र रजिस्टर घरोघर फिरायचं, सह्या झाल्या की सभा झाली. मग आम्ही काही जण गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात जाऊन आलो. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळवलेलं हे गाव. तिथं मतदान नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलतात. परत येऊन आम्ही तसं करून बघितलं. पहिल्या सभेत एका हातपंपावर तीन तास भांडण झालं आणि निम्मे लोक उठून गेले. मला रडू आलं होतं. पुढच्या वेळी एकच गोष्ट धरली: प्रत्येक विषयावर आधी बायका बोलणार. तेव्हा कळलं की नळाला पाणी नऊला येतं आणि निंदणाला जाणाऱ्या बाया आठलाच घर सोडतात. इतकी वर्षं गावाला हे माहीत नव्हतं असं नाही, सभेत कुणी बोललं नव्हतं. आता पाणी सहाला सुटतं.

शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा
आमच्याकडे रुजलं नाही. स्टाफरूममध्ये आमचे कप कपाटात आणि शिपाईमामांचा पेला खिडकीत असायचा. मी सहा सारखे कप आणून ठेवले. मामा अजून पेल्यातच चहा घेतात. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “मॅडम, तुम्ही बदलून जाल.” सहावा कप मी रोज विसळून बाकीच्यांच्या रांगेत ठेवते.