प्रतिसाद: किनाऱ्यावरून डाइव्ह, टेप आणि हवेचा हिशेब

प्रवाळाच्या पाहणीसाठी समुद्रतळावर ५० मीटरची मोजपट्टी (टेप) अंथरून तिच्या कडेने मासे आणि प्रवाळ मोजतात; किनाऱ्यावरून पोहत जाऊन हे काम एका डाइव्हमध्ये होईल का, असं विचारलंय. आधी हवा मोजा. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला (बार म्हणजे दाबाचं एकक) साधारण २४०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असेल तर १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असल्याने ४० लागते, म्हणजे ६० मिनिटं. ५० बार राखीव ठेवले की ४५. जाण्यायेण्यात २० गेली, तर कामाला जेमतेम २५! म्हणून जाताना सिलिंडरची हवा न वापरता स्नॉर्केलवर (तोंडात धरायची श्वासनळी) पृष्ठभागावरून पोहत जा.

मासे टेप टाकतानाच मोजा. नंतर ते बुजलेले असतात. लाटांच्या हेलकाव्यात टेप धनुष्यासारखी वाकते आणि अंतर चुकतं, त्यामुळे दर ५ मीटरवर मेलेल्या प्रवाळाच्या खडकाला टेपचा वेढा द्या. जिवंत प्रवाळाला कधीच नाही.