मदत हवी आहे: हेलकॅट, झेडएल१ आणि जीटी५०० यांच्या किमतींत इतका फरक का?

ग्रँडरॅपिड्सकर:
नमस्कार मंडळी. तीन वापरलेल्या मसल कार, म्हणजे दमदार इंजिनाच्या अमेरिकी गाड्या, पाहून झाल्या आहेत आणि शनिवारपर्यंत त्यांपैकी एकीसाठी अनामत भरायची आहे. एक डॉज चॅलेंजर हेलकॅट, दुसरी शेवरोले कॅमेरो झेडएल१ आणि तिसरी फोर्ड शेल्बी जीटी५००. पहिल्या दोघींच्या किमती जवळपास सारख्या आहेत, परंतु जीटी५०० साठी सुमारे ३० हजार डॉलर जास्त मागत आहेत. विक्रेत्याचे म्हणणे असे, की ही गाडी कमी संख्येने बनली, त्यामुळे तिची किंमत उतरणार नाही. हे खरे आहे का? कृपया थेट उत्तर द्यावे, वेळ कमी आहे.

मीनल_ओहायो:
कोणत्या सालच्या गाड्या आहेत, किती मैल चालल्या आहेत, गिअरबॉक्स कोणता आहे आणि कारखान्यातून काय काय बसवून आले आहे, यांतले काहीच तुम्ही सांगितलेले नाही. नुसते हेलकॅट म्हटले तरी सुरुवातीची ७०७ अश्वशक्तीची की २०१९ पासूनची ७१७ ची, हा प्रश्न उरतोच आणि हेलकॅटचीच ७९७ अश्वशक्तीची रेडआय आवृत्ती तर आणखी वेगळी.

हेमीप्रेमी:
माझे मत विचाराल, तर डोळे झाकून हेलकॅट घ्यावी. २०१५ चे मॉडेल म्हणून ती आली तेव्हा साधारण ६० हजार डॉलरमध्ये ७०७ अश्वशक्ती मिळत होती आणि त्या पैशात तेवढी ताकद दुसरे कोणीच देत नव्हते. डॉजला हे परवडले, कारण चॅलेंजरचा सांगाडा २००८ पासून तोच होता आणि त्याचा खर्च केव्हाच वसूल झाला होता. आता तर कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातले चॅलेंजरचे उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबले आहे, त्यामुळे आहेत त्या गाड्यांना भाव येणारच.

जुना_पाना:
हेमीप्रेमी, उत्पादन थांबणे आणि संख्या मुळातच कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वर्षी मागणी पुरवता येईना, तेव्हा डॉजनेच २०१६ साठी हेलकॅटचे उत्पादन दुपटीहून अधिक वाढवले. याउलट चॅलेंजरच्याच अधिक ताकदीच्या २०१८ च्या डीमन आवृत्तीला त्यांनी आधीच मर्यादा घातली होती: अमेरिकेसाठी ३,००० आणि कॅनडासाठी ३००. टिकणारा भाव अशा जाहीर मर्यादेला मिळतो.

हेमीप्रेमी:
मग २०२३ च्या डीमन १७० चे काय? तिलाही तीच ३,३०० ची मर्यादा होती आणि मूळ किंमत ९६,६६६ डॉलर होती. डीलरांनी वरकड रक्कम उकळू नये म्हणून छापील किमतीत किंवा त्याहून कमी दरात विकलेल्या गाड्या आधी बांधल्या जातील, असे डॉजला जाहीर करावे लागले होते. एवढी मागणी ज्या घराण्याला आहे, त्यातली हेलकॅट पडून राहील असे मला वाटत नाही.

जुना_पाना:
मागणी १,०२५ अश्वशक्तीच्या त्या एका गाडीला होती. दुर्मीळपणाबद्दल इतकी खात्री बाळगू नये, हे १९६९ च्या मूळ झेडएल१ वरून कळते. अ‍ॅल्युमिनियमच्या ४२७ घन इंची इंजिनाच्या अवघ्या ६९ कॅमेरो बनल्या, पण त्या इंजिनापोटीच ४,००० डॉलरहून अधिक पडत होते, म्हणजे गाडीची किंमत दुपटीच्याही वर जात होती. त्यामुळे त्या डीलरांकडे पडून राहिल्या आणि काहींमधून ते इंजिन काढून साधे बसवावे लागले. त्या आज अनमोल आहेत, पण ज्याने त्या नव्या घेतल्या त्याला अनेक वर्षे थांबावे लागले.

पुणे_ते_प्लेनो:
यांपैकी कोणतीही गाडी पुढे भारतात नेण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. तिन्ही डावीकडून चालवायच्या आहेत. भारतात अधिकृतपणे उजव्या स्टिअरिंगची आली ती साधी मस्टँग जीटी, तीही २०१६ मध्ये.

ग्रँडरॅपिड्सकर:
भारताचा प्रश्न मी विचारलेलाच नाही. तपशील देतो: हेलकॅट २०१६ ची ऑटोमॅटिक, झेडएल१ २०१८ ची मॅन्युअल, जीटी५०० २०२० ची. तिन्ही २० हजार मैलांच्या आत आहेत. जीटी५०० ला मागची आसने नाहीत. आधीच्या मालकाने वजन कमी करण्यासाठी ती काढली असावीत असे मी धरून चाललो आहे. चाके काळी आहेत आणि मागे मोठा पंख आहे.

मीनल_ओहायो:
ही गोष्ट पहिल्याच प्रश्नात सांगायला हवी होती. आसने मालकाने काढलेली नसावीत, तो कारखान्यातूनच येणारा कार्बन फायबर ट्रॅक पॅक दिसतो. त्यात कार्बनची २० इंची चाके, मोठा पंख आणि रेकारो कंपनीची पुढची आसने मिळतात आणि मागची बैठक वगळली जाते. त्या पॅकची किंमतच १८,५०० डॉलर होती. मूळ गाडी वाहतूक खर्च आणि करासह सुमारे ७४ हजारांना होती, म्हणजे ही नवी असतानाच ९२ हजारांच्या वर गेली होती. झेडएल१ नवी असताना ६० हजारांच्या थोडी पुढे होती. तुम्हाला सांगितलेला ३० हजारांचा फरक कमी उत्पादनातून आलेला नाही, तो पहिल्या दिवसापासून आहे. विक्रेत्याकडे मूळ विंडो स्टिकर (नव्या गाडीच्या काचेवरचा किंमत आणि तपशिलांचा कागद) मागा आणि पॅकची नोंद त्यावर पाहा. चाकांच्या कडा हाताने तपासा, कारण कार्बनचे चाक तडकले तर बदलण्याचा खर्च फार मोठा असतो.

जुना_पाना:
मीनल यांच्याशी सहमत आहे. एवढेच जोडतो, की या पिढीच्या जीटी५०० ला मॅन्युअल गिअरबॉक्स मिळतच नाही, सर्वांना सात गिअरचा स्वयंचलित दुहेरी क्लचच आहे, त्याला क्लचचे पेडल नसते. पाय क्लचवर ठेवून गाडी चालवण्याची आवड असेल, तर तुमच्या यादीत फक्त झेडएल१ उरते.

ग्रँडरॅपिड्सकर:
मनापासून आभार. मला क्लच हवाच आहे आणि आमची मुलगी सहा वर्षांची आहे, त्यामुळे मागे बैठक नसलेली गाडी घेता येणार नाही. झेडएल१ च्या मागच्या आसनावर लहान मुलांचे बूस्टर नीट बसते का, हे कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का?

मीनल_ओहायो:
तिथे जागा खूपच कमी आहे. शनिवारी मुलीला आणि तिचे बूस्टर दोन्ही घेऊन जा, पुढची आसने तुमच्या पायांना हवी तितकी मागे घ्या आणि तिला बसवून पाहा. अनामत त्यानंतरच भरा.