कौन्सिलने आपली खासगी माहिती फोडली तर आधी कुणाकडे जायचं?

नदीकाठ
इंग्लंडात कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, आपली माहिती भलत्याला पाठवली किंवा वेबसाइटवर टाकली की बरेच जण थेट खासगी माहितीच्या रक्षणावर देखरेख करणाऱ्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडे, म्हणजे आयसीओकडे धाव घेतात. माझं मत असं की ही घाई नडते. आयसीओ पहिल्यांदा हेच विचारतं : कौन्सिलला लेखी कळवलंत का, त्यांचं उत्तर काय आलं?

त्याही आधी पुरावा हाताशी हवा. बांधकामाच्या अर्जावरच्या हरकती वेबसाइटवर चढवताना फोन आणि ईमेलवर काळी पट्टी मारतात. कधी कधी ती पट्टी पीडीएफवर नुसती वरून ठेवलेली असते. तिच्यावरून कर्सर ओढा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. खालचा नंबर जसाच्या तसा उतरतो. कळवण्याआधी ती फाइल उतरवून घ्या, पानाचा पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. एकदा कळवलं की पान काढलं जातं. ते व्हायलाच हवं, पण पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

मग कौन्सिलच्या डेटा प्रोटेक्शन ऑफिसरला, म्हणजे लोकांची माहिती नीट जपली जाते ना हे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला पत्र. कोणती माहिती गेली, कुणाकडे, कधीपासून, आयसीओला 72 तासांत कळवलं का, नसेल तर का नाही? सोबत स्वतःच्या माहितीची प्रत मागा. 'माझ्याबद्दलचं सगळं द्या' असं मोघम लिहिलंत तर ते खुलासा मागतात आणि मुदत तिथेच अडकते. तारखा, विभाग, केस नंबर द्या. मुदत एक महिना. प्रकरण किचकट असेल तर आणखी दोन.

कंदील
पुराव्याचं अगदी मान्य, पण पुढचा रस्ता आयसीओकडे नेताय तो पटत नाही. जून 2022 पासून सार्वजनिक संस्थांना दंड करण्याऐवजी लेखी ताशेरे ओढायचे, हेच त्यांचं मुख्य धोरण आहे. 2019 मध्ये न्यूहॅम कौन्सिलला 1,45,000 पौंड दंड झाला होता. पोलिसांच्या यादीतली दोनशेहून जास्त जणांची माहिती, नावं न झाकता, ईमेलने 44 जणांना गेली होती. तेव्हाही तो पैसा त्या दोनशे जणांच्या खिशात गेला नाही. आयसीओ भरपाई देतच नाही. ती हवी तर दावा करावा लागतो, आणि कायद्यात मनस्तापाचीही भरपाई आहे. मुदत सहा वर्षांची, 10,000 पौंडांपर्यंतचा दावा सहसा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांसाठीच्या कोर्टाच्या सोप्या पद्धतीत चालतो. आधी दाव्याची नोटीस, मग कोर्ट. ताशेऱ्यांची वाट पाहत का बसायचं?

नदीकाठ
कारण मनस्ताप झाला असं नुसतं म्हणून भागत नाही. 2021 च्या लॉइड विरुद्ध गूगल निकालात, 1998 च्या जुन्या माहिती-संरक्षण कायद्याखाली का होईना, माहितीवरचा ताबा गेला एवढ्यावर भरपाई नाकारली. डॉक्टरची नोंद, बदललेला फोन, धमकीचे मेसेज, असं काहीतरी दाखवावं लागतं. आयसीओने 'कौन्सिलने कायदा मोडला असावा' असं कळवलं तर ते कोर्टाला बंधनकारक नसतं, तरी नोटिशीला जोडल्यावर कौन्सिलचे वकील तडजोडीची भाषा बोलू लागतात. मात्र कौन्सिलशी झालेल्या शेवटच्या ठोस पत्रव्यवहारापासून तीन महिन्यांच्या आत आयसीओकडे जा.

साक्षेप
तुम्ही दोघांनी एक प्रकार वगळलात, आणि तोच सगळ्यात चीड आणणारा आहे. काम नसताना कर्मचारी ओळखीच्या माणसाची कौन्सिल टॅक्सची किंवा बालकल्याणाची फाइल उघडतो. तो 2018 च्या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम 170 खाली त्या कर्मचाऱ्याचा स्वतःचा गुन्हा ठरू शकतो. शिक्षा फक्त दंडाची. मॉरिसन्स या सुपरमार्केट कंपनीच्या 2020 च्या निकालानंतर, कर्मचाऱ्याने स्वतःच्या वैरापोटी केलेल्या कृत्यासाठी मालकाला जबाबदार धरणं अवघड झालंय. इथे नुसत्या दाव्याची नोटीस पाठवलीत तर कौन्सिल हात झटकेल. म्हणून पत्रात वेगळा प्रश्न घाला : ही फाइल उघडायची परवानगी किती जणांना होती, आणि कुणी उघडली याची नोंद तपासता का? परवानग्या सरसकट वाटलेल्या निघाल्या तर सुरक्षेची चूक कौन्सिलची स्वतःची ठरते.

कंदील
हा मुद्दा मान्य. ती नोंद जपून ठेवा असं पहिल्याच पत्रात लिहा. महिन्याभराने मागाल तोवर सिस्टिमने ती पुसलेलीही असू शकते. माझा आक्षेप मात्र कायम आहे. नोटीस आणि आयसीओची तक्रार एकाच आठवड्यात जाऊ द्या, एकीसाठी दुसरी अडवू नका.