धूळ पुसण्यापलीकडचं प्रात्यक्षिक

बी.लिब.च्या (ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या) प्रात्यक्षिकात महिनाभर शाळेच्या ग्रंथालयात नुसती कपाटंच पुसायला लावली, असं एकांनी लिहिलंय. वैताग समजू शकते, मीही पुसलीत. पण दाखल नोंदवहीशी (ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे नोंदतात ती वही) एकेक पुस्तक ताडून बघायचं काम आलं तर सोडू नका. संग्रह असा हाताखालून जातो तेव्हाच कळतो.

कॉलेजात ड्यूई, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार आकडे (वर्गांक) द्यायची पद्धत, पाठ होती. ८९१.४६ मराठी साहित्य, ३९८.२ लोककथा. शाळेत पाचवीतला पोरगा येऊन विचारतो, "बाई, ते भुताचं निळं पुस्तक कुठंय?" आता काढा वर्गांक! शेवटी मी पुस्तकांच्या पाठीवर वर्गांकाच्या वर रंगीत पट्ट्या चिकटवल्या: भुतं काळी, प्राणी हिरवे, विनोद पिवळे. वर्गांक तसाच राहिला, त्यामुळे नोंदीत घोळ नाही.

पस्तीस मिनिटांच्या तासाला साठ मुलांची देवघेव कशी उरकायची, हे तिथल्या शिपाईमामांनी शिकवलं. परतीची पुस्तकं मधल्या सुट्टीतच गोळा करायची, तास फक्त निवडायला.

आणि फाटक्या पानांना सेलोटेप नको. पिवळी पडते आणि सुटताना अक्षरं घेऊन जाते. खळ आणि पातळ कागद वापरा.