मदत हवी आहे: कांद्याच्या हिशेबात घरच्यांची मजुरी आणि चाळीतील घट कशी धरावी?

नमस्कार. येवला तालुक्यात आमची चार एकर शेती असून त्यांपैकी अडीच एकरांत उन्हाळ कांदा असतो. शेती वडील, धाकटा भाऊ, वहिनी आणि आई पाहतात. मी नाशिकला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी हिशेब लिहितो. भावाला कर्ज काढून दुसरी कांदाचाळ (कांदा साठवायची हवेशीर शेड) बांधायची आहे, वडिलांना ते पटत नाही, आणि दोघेही माझ्याकडे आकडे मागत आहेत.

भावाची भिस्त २०२४ च्या अनुभवावर आहे. त्या वर्षी निर्यातबंदी ४ मे रोजी उठली, तरी किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम होते. पुढे सप्टेंबरमध्ये निर्यातमूल्याची अट गेली, शुल्क निम्म्यावर आले आणि चाळीतला कांदा आम्ही क्विंटलला चार हजारांच्या वर विकला. त्या भरवशावर २०२५ मध्ये जवळजवळ सगळाच माल साठवला. १ एप्रिलपासून निर्यातशुल्क पूर्ण हटूनही भाव काही उठला नाही.

एप्रिलमध्ये १,२०० रुपये भाव असताना आम्ही १९० क्विंटल कांदा चाळीत भरला. दसऱ्यापर्यंत निवडून, गोल्टी (बारीक कांदा) बाजूला काढून, विक्रीला १३१ क्विंटल निघाला. बाकी वजनातली घट, सड आणि कोंब. म्हणजे नुसती एप्रिलच्या विक्रीची बरोबरी साधायलाही क्विंटलला १,७४० रुपये मिळायला हवे होते, आणि आम्हाला सरासरी १,०५० मिळाले. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे यात धरलेले नाही. हा आकडा दाखवल्यावर भाऊ म्हणाला, ‘२०२४ चाही असाच काढ’; त्याचे म्हणणे रास्त आहे, पण त्या वर्षी चाळीत किती भरला याची नोंदच कोणी ठेवली नव्हती.

दुसरी अडचण मजुरीची. वडिलांच्या वहीत लावणीच्या उक्त्याचे पैसे आहेत, मजुरांच्या चहा-साखरेचेही आहेत, पण वहिनी आणि आई ऐन पावसाळ्यात दुपारभर चाळीत बसून सडका कांदा वेचतात, त्याची एक ओळ नाही. मी अंदाजे मोजले तर घरच्यांचे हंगामात २१० दिवस भरतात; ३०० रुपये रोजाने ६३,००० रुपये होतात. कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्च काढताना घरची मजुरी धरतो, आणि सर्वसमावेशक खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंडही (भाडे) धरतो. हे सांगितल्यावर वडिलांचे उत्तर, ‘घरचे पैसे घरातच राहिले.’

जाणकारांना विचारायचे ते असे. चाळीतील घट महिन्यानुसार कशी मांडता, आणि जुलैअखेर किती टक्के माल काढून टाकता? मार्चअखेर गावच्या सहकारी सोसायटीचे पीककर्ज मुदतीत भरण्यासाठी काही जण उसनवारीने नवे-जुने करतात, म्हणजे उसने पैसे भरून जुने कर्ज फेडतात आणि लगेच नवे उचलतात. त्या उसनवारीचे व्याज कांद्याच्या खर्चात धरावे की घरखर्चात? आणि ज्यांच्याकडे भाऊबंदांचे सामाईक उत्पन्न आहे, त्यांनी घरातल्या स्त्रियांच्या नावे मजुरी प्रत्यक्ष खात्यावर जमा करून पाहिली आहे का?

भावाने चाळीचे कोटेशन आणून ठेवले आहे आणि संक्रांतीनंतर काम सुरू करायचा त्याचा विचार आहे, त्यामुळे त्याआधी उत्तरे मिळाली तर फार उपयोग होईल.