स्पिनर लावला की लाईनला पीळ पडतो, लवकर सांगा कोणीतरी

गिरणाकाठ: राम राम मंडळी. माशाला स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचं खोटं आमिष, टाकतोय, थोडा वेळ बरं चालतं आणि मग लाईन रिळावरून वेटोळी होऊन सुटते, गुंता सोडवेपर्यंत ऊन डोक्यावर. स्विव्हल (पीळ अडवणारी फिरती कडी) लावलेला आहे, ते सांगू नका. रविवारी परत जायचंय.

तापीचा_पोऱ्या: रीळ कोणतं? लाईन कोणती, किती जाड? स्विव्हल बांधलाय कुठे? पत्ता न सांगता रिक्षात बसल्यासारखं करताय भाऊ.

नवा_गडी: पातं फिरत नसेल तर पहिल्या ओढीला एक झटका द्यायचा, लगेच फिरतं.

गिरणाकाठ: फिरतंय हो, जास्तच फिरतंय. रीळ ३००० साईजचं, लाईन मोनो (एकपदरी नायलॉन), ०.३० मिमीची. स्विव्हल क्लिपवाला पितळी, स्पिनरच्या कडीलाच आहे, अजून कुठे असणार?

मरळवेडा: स्पिनर सोडाच. मरळ शेवाळात बसते, तीनकाटी गळ नुसतं शेवाळ घेऊन येतो. रबरी बेडूक लावा.

गिरणाकाठ: मरळ कोणी विचारली?

मरळवेडा: तुले मरळ नही जोयजे त काय जोयजे भो?

तापीचा_पोऱ्या: इनलाईन स्पिनरचं फक्त पातं तारेभोवती फिरायला पाहिजे, पण तार आणि बॉडी पण सोबत गरगरते आणि तो पीळ लाईनवर चढतो. साधा पितळी स्विव्हल ओढ बसली की नीट फिरत नाही. बॉल बेअरिंगवाला घ्या, स्पिनरपासून फूट-दीड फूट वर बांधा, मधे लीडर, म्हणजे लाईनचा वेगळा तुकडा. फेकल्यावर बेल (रिळावरची उघडझाप होणारी तार) हाताने पाडा, हँडल फिरवून नाही. आणि मासा ड्रॅगवर (रिळाच्या ब्रेकवर) लाईन ओढत असताना रीळ फिरवत बसू नका, तेव्हाच सगळ्यात जास्त पीळ पडतो. आता जो पीळ बसलाय त्यासाठी स्पिनर काढून ठेवा, जामदा कालव्याला पाणी असेल तर नुसती लाईन लांबवर प्रवाहात सोडा, जरा वेळ तशीच राहू द्या, मग चिमटीत ताणून धरत गुंडाळा.

धुळेकर: एवढं कशाला? मोनो फेका, ब्रेड (विणलेली लाईन) भरा. हतनूर धरणावर मी ब्रेडच वापरतो, कधी त्रास नाही.

तापीचा_पोऱ्या: ब्रेडला पण पीळ पडतो, दिसत नाही एवढंच. मग अशी गाठ बसते की कापूनच टाकावी लागते. स्पिनरच टाकता ना तुम्ही?

धुळेकर: चमचा टाकतो, पत्र्याचं डुलणारं आमिष. त्याने काय फरक पडतो?

तापीचा_पोऱ्या: 🙏

नवा_गडी: स्पिनरला रोहू लागतो का?

मरळवेडा: रोहूला कणकेची गोळी. स्पिनर दिसला तर तो पाहून पुढे जाईल.

भरीतपार्टी: मासा मिळाला की काळ्या मसाल्याचा रस्सा करा, सोबत कळण्याची भाकरी. आणि धरणावर मासेमारीचा ठेका संस्थेकडे असतो, आधी विचारून बसा, नाहीतर रॉड जमा होईल.

गिरणाकाठ: विचारूनच बसतो. पोऱ्याभाऊ, बॉल बेअरिंगवाला जळगावात मिळतो का? ऑनलाईन येईपर्यंत रविवार निघून जाईल. कोणाकडे एखादा जास्तीचा असेल तर सांगा, पाचोऱ्यापर्यंत येतो घ्यायला. आणि कालव्याला सध्या पाणी सुटलंय का?