ऑनलाइन गटांचा तुम्हाला आधार झाला का? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

राजेंद्र नगर

सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. अशा माणसांची काळजी घेणाऱ्यांच्या एका छोट्या ऑनलाइन गटात मी काही वर्षांपासून आहे, आणि त्या गटामुळे मी टिकले असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा.

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढ्या घरांत रात्री जागणारं कुणीतरी असणारच. पण ही माणसं एकमेकांना भेटणार कुठे? ज्याच्या घरी असा आजारी आहे, त्याचं पहिल्यांदा बाहेर जाणंच बंद होतं. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना माझं जाणं सुटलं, मग हळदीकुंकू, मग भिशी. बोलावणी येईनाशी झाली, त्यात बोलावणाऱ्यांचाही दोष नव्हता.

बुधवारी रात्री साडेनऊला, घरातली निजानीज झाली की आम्ही सात-आठ जण फोनवर जमतो. इंदूरचे आहेत, देवास-उज्जैनचे आहेत, एक ताई धारहून असतात. प्रत्येकाची पाळी ठरलेली. एक जण बोलत असताना दुसऱ्याने तोंड घालायचं नाही, मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. सासूबाई मला "तूच माझ्या पाटल्या चोरल्यास" म्हणायच्या. हे मी माहेरी आईलाही सांगितलं नव्हतं. गटात सांगितलं, तर उज्जैनचे काका म्हणाले, "आमच्या घरात चोर मी आहे. बायको रोज पोलिसांना बोलवायला सांगते." त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली. पुढे त्यांच्याकडूनच शिकले की वाद घालायचा नाही, "चला, दोघी मिळून शोधू" म्हणायचं आणि कपाट उघडायचं. शोधता शोधता सासूबाई जुन्या साड्यांमध्ये रमतात.

तुम्हीही लिहा. आजारपण, एकटेपणा, दारू सोडणं, बाळंतपण, काहीही चालेल. वाईट अनुभवही हवेत. नाव नको, वस्ती लिहिली तरी पुरे.

सुदामा नगर

बँकेतून निवृत्त झालो, मग पत्नी गेली. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला. दोघंही रोज फोन करतात, पण तो विचारपूस करणारा फोन असतो. जेवलात का, गोळी घेतली का, दार नीट लावलं का. काळजीपोटीच विचारतात, मला कळतं. मात्र दिवसभरात माझं मत कुणालाच लागत नव्हतं, आणि हे पोरांना सांगून समजण्यासारखं नव्हतं.

जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाने वाचनाचा गट काढला. रोज संध्याकाळी एकाने दहा पानं मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायचं, नंतर चर्चा. माझी पाळी गुरुवारी. त्यामुळे बुधवारी मी वाचून तयारी करतो, अवघड शब्द कोशात बघतो, सकाळी गुळण्या करून घसा साफ करतो. हल्ली दाढीसुद्धा वेळेवर होते. चर्चेत आम्ही कडाडून भांडतो. आमचं मराठी हिंदीमिश्रित, तर पुण्याचे एक सदस्य उच्चार सुधारत असतात, त्यावरूनही भांडतो. मध्यंतरी ताप आला म्हणून मी हजर नव्हतो, तर रात्री चौघांचे फोन. माझी कुणीतरी वाट बघतं, ही गोष्ट माझ्या आयुष्यातून निघून गेली होती, ती परत आली.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. झूमच्या फुकट खात्यात ४० मिनिटांनी बैठक आपोआप बंद पडते. वाचन चाळीस मिनिटांत बसवा आणि चर्चेला नव्याने जोडा, म्हणजे ऐन रंगात आलेलं तुटत नाही.

विजय नगर

काका, तुमची गुरुवारची तयारी वाचून खूप छान वाटलं.

मी कॉलेजात आहे आणि तोतरा बोलतो. स्वतःचं नाव सांगताना सगळ्यात जास्त अडकतो, कारण नावाला दुसरा शब्द वापरता येत नाही. इतर ठिकाणी आम्ही तोतरे लोक पटकन शब्द बदलतो. पोह्यांच्या ठेल्यावर मला जिरावण, म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला, जास्त हवं असायचं, पण "जि"वर अडकायला नको म्हणून मिळेल तसे खाऊन निघायचो. बाहेरच्याला हे तोतरेपण दिसतच नाही, मुलगा अबोल आहे एवढंच वाटतं.

द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन ही तोतरेपणा असलेल्यांचीच संस्था आहे. तिचे स्वमदत गट आहेत, ऑनलाइनही भरतात. पहिल्या दिवशी मी कॅमेरा बंद ठेवला होता. नाव सांगायची वेळ आली आणि अडकलो, बराच वेळ. कुणीही माझा शब्द पूर्ण केला नाही. घरचे, शिक्षक, दुकानदार, सगळे प्रेमाने माझी वाक्यं पूर्ण करतात. इथे सगळे थांबले आणि नाव मीच सांगितलं.

तिथे मुद्दाम अडखळायलाही शिकवतात. अडखळणं लपवण्यातच खरी दमछाक होते, म्हणून आपणहून अडखळायचं आणि बघायचं की आभाळ कोसळतं का. २२ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जागृती दिन असतो. त्या दिवशी मी वर्गात उभं राहून याच विषयावर बोललो. बोलायला वेळ लागला, पण सगळं बोललो.

तिलक नगर

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनेकशे लोक आहेत. सुप्रभात, सणाच्या शुभेच्छा, पाणी कधी येणार, एवढंच. माझं ऑपरेशन झालं हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. गट लहान हवा आणि त्यात बोललं गेलं पाहिजे, हे मला पटतं.

वैशाली नगर

वाईट अनुभव लिहिते, कारण तो लिहिला गेलाच पाहिजे.

लेकीला टाइप वन मधुमेह आहे. निदान झालं तेव्हा मी वेड्यासारखी आधार शोधत होते. एका मोठ्या गटात शिरले. तिथे एक गृहस्थ अतिशय आपुलकीने बोलायचे, रोज चौकशी करायचे. काही आठवड्यांनी त्यांनी खासगीत निरोप पाठवला की माझं चूर्ण सुरू करा आणि इन्सुलिन हळूहळू बंद करा. टाइप वनमध्ये शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते बंद केलं तर रक्तात कीटोन साचून मूल दगावू शकतं. डॉक्टरांनी हे आधी नीट समजावलं होतं म्हणून मी थांबले. गट चालवणाऱ्यांना कळवलं, तर उत्तर आलं, "ज्याने त्याने आपलं ठरवावं." मी त्याच दिवशी बाहेर पडले.

आता ज्या पालकांच्या गटात आहे, तिथे औषधाचा डोस बदलण्याबद्दल कुणी बोलायचं नाही, असा पहिलाच नियम आहे. आम्ही बोलतो ते शाळेच्या सहलीबद्दल, लग्नाच्या पंगतीत श्रीखंड वाढलं तर काय करायचं, धाकट्या भावंडाला वाटणाऱ्या मत्सराबद्दल. तुमच्या गटात कुणी काही विकायला लागलं, तर ती व्यक्ती कितीही गोड बोलो, तिला बाहेर काढा.

सिलिकॉन सिटी

मी लग्न होऊन नाशिकहून इथे आले. बाळ चार महिन्यांचं आहे. सगळे चांगले आहेत, सासूबाई डिंकाचे लाडू करतात, नवरा रात्री बाळाला घेतो. तरी मला सारखं रडू येतं आणि बाळाकडे बघून काही वाटत नाही. मी एखाद्या गटात जाऊ का? तिथे हे बोललेलं चालतं का?

स्नेहलतागंज

बेटा, मी निवृत्त समाजसेविका आहे, रुग्णालयात काम केलं आहे. गटात जा, नक्की जा, पण त्याआधी या आठवड्यातच डॉक्टरांना भेट. बाळंतपणानंतर असं नैराश्य पुष्कळ जणींना येतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. आईपणात तू कुठेही कमी पडत नाहीस. टेली मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, भाषा निवडता येते. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार मनात आला, तर थांबू नकोस. सासूबाईंना उठव आणि तडक दवाखाना गाठ.

इतरांसाठी थोडं लिहिते. अर्विन यालोम या मानसोपचारतज्ज्ञांनी गट का बरे करतात याची कारणं मांडली, त्यात दोन मला नेहमी खरी वाटत आली. एक, हे माझ्या एकटीचंच नाही हे कळणं. दुसरं, आपल्यालाही कुणाच्या उपयोगी पडता येतं हे कळणं. सुदामा नगरच्या काकांचा गुरुवार आणि उज्जैनच्या काकांचं ते एक वाक्य, दोन्हींत हेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा ग्रासतो, आणि त्यात तरुण मुलंमुली खूप आहेत. त्यामुळे गट फक्त म्हाताऱ्यांसाठी असतात असं समजू नका.

राजेंद्र नगर

सिलिकॉन सिटीच्या ताई, तुम्ही माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहात. डॉक्टरांकडे जायला सोबत हवी असेल तर मला खासगीत निरोप टाका. उद्या दुपारी नणंद सासूबाईंजवळ बसणार आहे, तेव्हा मी मोकळी आहे. नव्या आयांच्या गटाबद्दल आमच्या धारच्या ताईंना विचारलंय, त्यांची सून त्यात आहे. आणि इथे अजून कुणाला लिहायचं असेल तर लिहीत राहा, मी रात्री वाचते.